छपरावरची धूळ आणि आकाशातली धूळ
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी व्याख्यानासाठी आम्ही ‘धूळ’ हा विषय निवडला, हे ऐकून कार्यकारिणीतील स्नेह्यांना थोडे नवल वाटले. अशा प्रसंगी धूळ झटकावयाची असते, तिच्यावर व्याख्यान द्यावयाचे नसते, असे एकाने हसत हसत सुचविलेही. परंतु ज्या धुळीविषयी आम्ही बोलणार आहोत ती मूळची या पृथ्वीवरची नव्हे. शिवाय त्या धुळीच्या संदर्भात आम्ही या मंडळाचे एक देणे लागतो, आणि ते फेडण्यास याहून योग्य वेळ पुन्हा येईल असे वाटत नाही. देणे कोणते, ते ओघात सांगू. प्रथम विषयाची ओळख करून देतो.

आकाशातून काही पडते म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दोन चित्रे उभी राहतात. एक तुटणाऱ्या ताऱ्याचे, म्हणजे उल्केचे. दुसरे आकाशातून कोसळणाऱ्या दगडाचे, म्हणजे अशनीचे. आपल्यापैकी अनेकांनी बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर पाहिले असेल. सुमारे पावणेसहा लाख वर्षांपूर्वी एक अशनी तेथल्या काळ्या पत्थरावर आदळला आणि १.८ किलोमीटर व्यासाचे विवर निर्माण झाले. त्या काठावर उभे राहिले म्हणजे मन दडपून जाते. पण असे आघात फार क्वचित होतात. वर्षानुवर्षे नियमाने जे द्रव्य बाहेरून पृथ्वीवर येते, त्यात दगडांचा वाटा अगदी अल्प आहे. एका अलीकडच्या हिशेबाप्रमाणे लहानमोठे सर्व अशनी मिळून वर्षाला १० टनही भरत नाहीत. धूळ मात्र हजारो टन येते. ती येताना गाजावाजा होत नाही, विवर पडत नाही, वर्तमानपत्रात बातमी येत नाही, एवढाच काय तो फरक.

ही धूळ येते कोठून? धूमकेतू सूर्याजवळ आला की त्यातील बर्फाची वाफ होते आणि बर्फात अडकलेले कण मोकळे होऊन त्याच्या मार्गावर पसरतात. मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांमध्ये फिरणारे लघुग्रह एकमेकांवर आदळतात, त्यांचाही चुरा होतो. हा सगळा चुरा सूर्याभोवती फिरत असतो. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, शहरापासून दूर, चंद्र नसलेल्या रात्री सूर्यास्तानंतर दीड तासाने पश्चिमेकडे पाहिले, तर क्षितिजापासून वर चढत गेलेला फिकट प्रकाशाचा शंकू दिसतो. त्याला राशिचक्रीय प्रकाश म्हणतात. सूर्याचे किरण या धुळीवरून परावर्तित होऊन तो दिसतो. म्हणजे ज्या धुळीविषयी आपण बोलत आहोत ती, धीर धरला तर, साध्या डोळ्यांनाही दिसू शकते.

येथे एक शंका कोणाच्याही मनात येईल. सेकंदाला निदान ११ किलोमीटर वेगाने येणारा कण वातावरणात जळून खाक का होत नाही? याचे उत्तर फ्रेड व्हिपल या अमेरिकन ज्योतिर्विदाने १९५० साली दिले. कण जितका लहान, तितके त्याच्या वजनाच्या मानाने त्याचे पृष्ठफळ मोठे. विरळ हवेत, ८० ते १०० किलोमीटर उंचीवर, असा कण काही सेकंदांतच आपला वेग गमावतो, आणि घर्षणाने मिळालेली उष्णता तितक्याच त्वरेने बाहेर टाकतो. अतिसूक्ष्म कण अशा रीतीने न वितळताच बचावतात. त्याहून थोडे मोठे, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे, बहुधा वितळतात आणि पाण्याच्या थेंबाप्रमाणे गोल होऊन गोठतात. आणखी मोठे असतील तर त्यांचा पुष्कळसा अंश वाफ होऊन जातो, आणि तीच आपल्याला दिसणारी उल्का. लहान असण्यातला लाभ आपल्या संतांनी फार पूर्वी सांगून ठेवला आहे. येथे तो पदार्थविज्ञानाच्या नियमाने सिद्ध होतो, इतकेच. अशा बचावलेल्या कणांना आपण सूक्ष्म अशनी म्हणू.

हे कण प्रथम सापडले ते, आश्चर्य वाटेल, समुद्राच्या तळाशी. ‘चॅलेंजर’ नावाचे ब्रिटिश जहाज १८७२ ते १८७६ या काळात जगातील समुद्रांचे संशोधन करीत फिरले. खोल समुद्रातून वर आणलेल्या तांबड्या चिकणमातीत जॉन मरे या शास्त्रज्ञाने लोहचुंबक फिरविला, तेव्हा त्याला काळेभोर, चकचकीत, वाटोळे कण चिकटले. ते अंतराळातून आलेले असावेत असे अनुमान मरे यांनी केले, आणि ते बरोबर ठरले. समुद्राच्या तळाची निवड येथे महत्त्वाची आहे. किनाऱ्यापासून शेकडो कोस दूर, हजारो मीटर खोलीवर हजार वर्षांत जेमतेम एखाद-दोन मिलिमीटर गाळ साचतो. तेथे पृथ्वीवरची धूळ इतकी थोडी की आकाशातली धूळ तिच्यात हरवून जात नाही.

याच मार्गाने आपल्या देशातही मोलाचे काम झाले आहे. १९६६ साली स्थापन झालेल्या, गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत एम. श्याम प्रसाद, एन. जी. रुद्रस्वामी आणि त्यांचे सहकारी यांनी मध्य हिंदी महासागराच्या तळातील गाळ चाळून असे गोलक मोठ्या संख्येने मिळविले आणि त्यांचा सखोल अभ्यास केला. गोव्याच्या किनाऱ्यावर सहलीला जाणाऱ्या आपल्या मंडळींना याची कल्पना क्वचितच असेल, म्हणून मुद्दाम सांगितले.

पृथ्वीवरची धूळ जेथे नाही असे दुसरे ठिकाण म्हणजे दक्षिण ध्रुवप्रदेश. ध्रुवावरील अमेरिकन तळावर बर्फ वितळवून केलेली पिण्याच्या पाण्याची एक विहीर आहे. विहिरीचा गाळ उपसणे हा आपल्या खेड्यांतील नित्याचा उद्योग. तोच उद्योग १९९५ साली सुसान टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्रुवावर केला, आणि तळाशी साचलेल्या गाळातून त्यांना आकाशातील कण हजारोंनी मिळाले. कोणत्या काळातील बर्फातून ते सुटले हे ठाऊक असल्यामुळे दरवर्षी किती कण पडतात याचा हिशेब मांडता आला.

पुढे फ्रान्स आणि इटली यांच्या काँकॉर्डिया तळाजवळ, किनाऱ्यापासून ११०० किलोमीटर आत, दोन दशकांत सहा मोहिमा झाल्या. तेथील शुभ्र बर्फ खणून, वितळवून, गाळून जो हिशेब २०२१ साली प्रसिद्ध झाला त्यानुसार पृथ्वीच्या पृष्ठभागावर दरवर्षी सुमारे ५२०० टन अवकाशधूळ उतरते. तिचा सुमारे ८० टक्के भाग धूमकेतूंपासून आणि उरलेला लघुग्रहांपासून आलेला असावा असेही अनुमान निघाले. यापूर्वी, १९८४ ते १९९० या काळात पृथ्वीभोवती फिरत ठेवलेल्या एका उपग्रहावर धूलिकणांनी पाडलेले सूक्ष्म खड्डे मोजण्यात आले होते. त्यावरून वातावरणाच्या माथ्यावर वर्षाला सुमारे ४०,००० टन द्रव्य येते असा अंदाज १९९३ साली निघाला. दोन आकड्यांतील अंतर पाहून गोंधळण्याचे कारण नाही. वर येते त्यातले पुष्कळसे वाटेतच वाफ होऊन जाते. शिवाय दोन्ही मोजण्यांत घेतलेल्या कणांचे आकारही सारखे नव्हते.

कोणी विचारील, एवढ्या धडपडीतून मिळते काय? एकच उदाहरण देतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिलबारा प्रदेशात २७० कोटी वर्षांपूर्वीच्या चुनखडीच्या खडकात असे सूक्ष्म अशनी सापडल्याचे २०१६ साली जाहीर झाले. ते लोहाचे होते आणि वातावरणातून येताना गंजून, म्हणजे ऑक्सिजनाशी संयोग पावून, आलेले होते. ज्या काळी पृथ्वीवरील हवेत मुक्त ऑक्सिजन जवळजवळ नव्हता असे मानले जाते, त्या काळी हवेच्या वरच्या थरात तो असला पाहिजे असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. दुसऱ्या काहींनी नंतर दाखविले की कार्बन डायऑक्साइड विपुल असेल तरी लोहाची तीच अवस्था होऊ शकते. वाद चालू राहील. परंतु केसाच्या जाडीएवढ्या कणाने २७० कोटी वर्षांपूर्वीच्या हवेची साक्ष द्यावी, हीच केवढी गोष्ट आहे!

आता आमच्या देण्याकडे वळतो.

१९९८ सालच्या मे महिन्यात मंडळाच्या बालविभागाने उन्हाळी शिबिर भरविले होते. विज्ञानाचा एक तास घेण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही मुलांना घेऊन याच वास्तूच्या गच्चीवर गेलो. पन्हाळीतली आणि कोपऱ्यांतली धूळ गोळा केली, धुऊन वाळविली, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला लोहचुंबक तिच्यावरून फिरविला. काळे कण भराभर चिकटले. भिंगाखाली त्यांतले काही अगदी मोत्यासारखे वाटोळे दिसले. “मुलांनो, हे आकाशातून आले आहेत,” असे आम्ही ठामपणे सांगितले. मुलांचे चेहरे काय फुलले होते! ते कण एका काचेच्या नळीत भरून, ‘आकाशातून आलेले कण’ अशी चिठ्ठी लावून, वाचनालयाच्या काचेच्या कपाटात ठेवण्यात आले. ती नळी आजही तेथे आहे.

त्याच संध्याकाळी एका मुलाचे वडील मुलाला न्यावयास आले होते. येथल्याच एका कारखान्यात ते वेल्डिंगचे काम करीत. त्यांनी नळी उजेडाकडे धरून पाहिली आणि संकोचत म्हणाले, “सर, राग मानू नका, पण असले गोळे आमच्या बुटांत रोज सापडतात. ठिणगी उडते ना, ती थंड झाली की अशीच गोल होते.” आम्ही हसून त्यांची समजूत घातली. पुस्तकात वाचलेले आमच्याजवळ होते. पाहिलेले त्यांच्याजवळ होते. पण व्याख्याते आम्ही होतो. त्यांनी नळी परत दिली आणि मुलाचा हात धरून ते निघून गेले.

आमची चूक नवी नव्हती, एवढेच समर्थन करता येईल. १९४१ साली अमेरिकेत हार्वी निनिंजर या नामांकित अशनीसंग्राहकाने छपरांवरून असेच कण जमविले आणि ते आकाशातले म्हणून जाहीर केले. पुढे १९५३ साली तेथल्याच दोन संशोधकांनी दाखवून दिले की भट्टीत जळलेल्या कोळशाच्या राखेतही हुबेहूब तसेच गोलक असतात. वेल्डिंग, ओतकाम, रेल्वेच्या चाकांचे घर्षण, यंत्रावरील घासकाम, या सर्वांतून असे गोल कण उडतात. शहरातील छपरावर ते इतके असतात की त्यांत आकाशातला कण शोधणे व्यर्थ, असे तज्ज्ञांचे मत झाले आणि ते पुढे कित्येक दशके टिकले. लोहचुंबकाचा प्रयोग मात्र बालविज्ञानाच्या पुस्तकांतून चालूच राहिला, आणि तेथूनच तो आमच्याकडे आला.

तज्ज्ञांचे ते मत शेवटी खोडून काढले ते एका वादकाने. नॉर्वेचे यॉन लार्सन हे जॅझ संगीतातील गिटारवादक. २००९ साली न्याहारीच्या टेबलावर, नुकत्याच पुसलेल्या पृष्ठभागावर, त्यांना एक चमकणारा काळा कण दिसला आणि त्यांना शोधाचा ध्यास लागला. त्यांनी प्रथम जे केले त्याकडे आम्ही आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. आकाशातला कण कसा असतो हे ठरविण्याआधी, पृथ्वीवरचे कण कसकसे असतात याची त्यांनी छायाचित्रांसह यादी केली. रस्ते, छपरे, कारखाने, फटाके, सगळ्यांतून निघणारे कण त्यांनी ओळखून बाजूला काढले. वर्षानुवर्षे हेच केले. लंडनच्या इंपिरियल कॉलेजातील मॅथ्यू गेंज यांनाही प्रथम या उद्योगाविषयी शंकाच होती. पण पुढे त्यांनीच कण तपासले, आणि २०१७ साली दोघांनी सहकाऱ्यांसह निबंध प्रसिद्ध केला. ऑस्लो, पॅरिस आणि बर्लिन या शहरांच्या छपरांवरील सुमारे ३०० किलोग्रॅम गाळातून ५०० सूक्ष्म अशनी निवडून काढण्यात आले होते. शहरात आकाशातली धूळ सापडू शकते हे सिद्ध झाले. मात्र चुंबकाला चिकटलेले सगळेच आकाशातले नव्हे, हेही त्याबरोबरच सिद्ध झाले.

मग ओळखावयाचे कसे? छपरांवर सापडलेले हे कण साधारण मिलिमीटरचा तिसरा हिस्सा व्यासाचे असतात. त्यांतले बहुतेक निव्वळ लोहाचे नसून दगडी असतात, आणि त्यांत लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडाचे बारीक स्फटिक विखुरलेले असतात. म्हणून ते चुंबकाला लागतात. वितळून क्षणात गोठल्यामुळे पृष्ठभागावर ऑलिव्हिन या खनिजाचे समांतर, खिडकीच्या गजांसारखे स्फटिक उमटलेले दिसतात. काहींच्या अंगावर निकेलमिश्रित लोहाचा लहानसा मणी चिकटलेला असतो. लोहगोलकांपैकी काहींच्या पोटात प्लॅटिनमच्या जातीच्या धातूंचा अतिसूक्ष्म दाणा मिळतो. अंतिम निर्णय अर्थात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने आणि रासायनिक पृथक्करणाने करावयाचा असतो. गुळगुळीत, आरशासारखा चकचकीत, बुडबुड्याप्रमाणे पोकळ लोहगोल दिसला, की तो बहुधा माणसाच्या हातचा समजावा.

हे वाचल्यानंतर आम्ही कपाटातली नळी ग्रंथपालांच्या अनुमतीने घरी नेली. धातुशास्त्राच्या एका प्राध्यापक स्नेह्याकडून कणांची तपासणी करविली. गजांसारखे स्फटिक एकावरही नव्हते. बरेच गोल पोकळ निघाले. पृथक्करणात लोह आले, मँगॅनीज आले. निकेल आले नाही. थोडक्यात, ते आपल्या या पोलादाच्या शहरातलेच होते. ज्या गृहस्थांना आम्ही हसून वाटेला लावले, त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. त्यांना भेटून हे सांगावे म्हणून आम्ही चौकशी केली, तेव्हा निवृत्त होऊन ते गावी परतल्याचे आणि पुढे निवर्तल्याचे कळले. म्हणून आज या सभेसमोर, त्या शिबिरातली जी मुले आता आपापल्या मुलांना घेऊन येथे बसली आहेत त्यांच्यासमोर, आम्ही सांगतो: आम्ही तुम्हांला चुकीचे शिकविले होते.

मंडळाला आमची विनंती अशी की ती नळी फेकू नये. चिठ्ठी मात्र बदलावी. नव्या चिठ्ठीवर ‘या शहरातील कारखान्यांत उडालेल्या ठिणग्यांचे गोलक, १९९८ साली चुकीने आकाशातले समजले गेले’ असे लिहावे. ज्या ठिणग्यांवर आपल्यातील बहुतेकांचे संसार उभे राहिले, त्यांना मंडळाच्या कपाटात जागा असण्यात काही कमीपणा नाही.

तर मग आपल्या छपरावर आकाशातले काही पडलेच नाही काय? पडले आहे, आणि ते हिशेबाने सांगता येते. ५२०० टन धूळ पृथ्वीच्या सर्व पृष्ठभागावर सारखी वाटली, तर एका चौरस मीटरच्या वाट्याला वर्षाला सुमारे १० मायक्रोग्रॅम येते. आपल्या वास्तूचे छप्पर अदमासे २०० चौरस मीटर. म्हणजे वर्षाला दोन मिलिग्रॅम, आणि ५० वर्षांत १०० मिलिग्रॅम. सराफाच्या भाषेत बोलावयाचे तर एका गुंजेहून किंचित कमी. ९६ गुंजांचा तोळा होतो, हे येथील वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. सुवर्णमहोत्सवापर्यंत या मंडळाला आकाशाने जवळजवळ एक गुंज दान केली आहे. तिचा बराचसा भाग पावसाने वाहून गेला, उरलेला कुठेतरी पन्हाळीत, ठिणग्यांच्या लाखो गोलकांत मिसळून पडला असेल.

गेली काही वर्षे आम्ही पावसाळ्याआधी ही पन्हाळ झाडून गाळ घरी नेतो, धुतो, चाळतो, आणि एकेक कण भिंगाखाली पाहतो. आजपर्यंत खात्रीचा असा एकही सापडलेला नाही. बालविभागातील ज्या मुलांना हे काम करावयाचे असेल त्यांनी रविवारी सकाळी वाचनालयात यावे. चुंबक, चाळणी आणि सूक्ष्मदर्शक आमच्याकडे आहे. घरात वेल्डिंगचे किंवा भट्टीचे काम जाणणारे कोणी असतील, तर त्यांनाही अवश्य सोबत आणावे. पृथ्वीवरचे कण ओळखण्यासाठी त्यांची आम्हांला फार गरज आहे.